गुहा, रथ आणि ओले सरपण : तत्त्वज्ञान मुळातून वाचतानाचे अनुभव

माजघर

गेल्या महिन्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला जाणे झाले. तेथील ठाकर समाजाने जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आम्ही पाहिला. पडद्यामागे दिवा, दिवा आणि पडदा यांच्यामध्ये बाहुल्या, आणि पुढे सावल्या पाहत बसलेले आपण. रामायणातला प्रसंग ऐन रंगात आला असताना माझी नऊ वर्षांची भाची उठली आणि सरळ पडद्यामागे गेली. परत येऊन ती आईला म्हणाली, "मागे राम नाहीये, एक काका बसलेत." सगळे हसले, मी मात्र तीस वर्षांपूर्वीच्या वर्गात जाऊन पोहोचलो.

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेल्या आम्हा अकरा जणांकडे एकच गाइड होते आणि त्यात प्लेटोच्या गुहेचे रूपक (गुहेत जखडलेले कैदी समोरच्या भिंतीवरच्या सावल्यांनाच खरे मानतात, ते) तीन ओळींत उरकलेले होते : सावल्या म्हणजे इंद्रियांना दिसणारे जग, बाहेरच्या वस्तू म्हणजे सत्य कल्पना, सूर्य म्हणजे 'शिव', अर्थात कल्याण, ही सर्वोच्च कल्पना. (या 'शिवा'ला अर्ध्या वर्गाने परीक्षेपर्यंत महादेवच मानले होते.) आमच्या सरांनी ते गाइड मिटायला लावले आणि 'रिपब्लिक'च्या सातव्या भागातील पहिल्या काही पानांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. ती पाने आम्ही तीन आठवडे वाचत होतो. पहिल्याच वाक्यात सॉक्रेटिस सांगतो की हे चित्र शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या माणसाच्या अवस्थेचे आहे, आणि नेमका 'शिक्षण' हाच शब्द गाइडमधून गळालेला होता. पुढे त्याच्याशी बोलणारा ग्लॉकन म्हणतो की हे चित्रही विचित्र आहे आणि हे कैदीही विचित्र आहेत. त्यावर सॉक्रेटिसचे उत्तर एवढेच आहे : "आपल्यासारखेच." सरांनी त्या दिवशी तेथेच तास संपवला.

कैद्यांच्या मागची ती बुटकी भिंत बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांच्या आडपडद्यासारखी असते, असेही प्लेटोने त्याच ठिकाणी लिहिले आहे. इतकी वर्षे मी ते विसरलो होतो.

मूळ ग्रंथ, एखादे रूपक किंवा एखादा चित्रपट यांच्या वाटेने तत्त्वज्ञान आपल्यापर्यंत कसे पोहोचले, ते कृपया येथे लिहावे. सारांश नकोत, ते सगळीकडे मिळतात.

अर्धविराम

माझी सुरुवात उलटी झाली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहात 'द मॅट्रिक्स' हा चित्रपट पाहिला, ज्यात सारे जग संगणकाने रचलेला भास असतो, आणि पुढचे सहा महिने मेसमधील आमटी खरी आहे का, यावर आम्ही वाद घालत होतो. (ती खरी नव्हती, यावर एकमत होते.) कोणीतरी सांगितले की हे सगळे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्येच लिहून ठेवले आहे, म्हणून त्याची 'मेडिटेशन्स' आणली. तेव्हा लक्षात आले की आपल्याला सगळ्याच बाबतींत फसवणाऱ्या ज्या कपटी राक्षसाच्या आधारावर आम्ही एवढा गोंधळ घातला, तो पहिल्या चिंतनाच्या शेवटी येतो आणि दुसऱ्या चिंतनाच्या आरंभीच त्याच्या हातून एक गोष्ट निसटते : मला फसवायचे असेल तरी मी असलो पाहिजे. चित्रपटाची मजल तेथवर होती.

मी खरा अडकलो तो मेणापाशी. पोळ्यातून नुकतेच काढलेले मेण घ्या, त्याला मधाची चव आणि फुलांचा वास अजून आहे, ते कठीण आणि थंड आहे, बोटाने टकटक केल्यास आवाज करते. विस्तवाजवळ नेताच यातील प्रत्येक गुण जातो, तरीही हे तेच मेण आहे असे आपण निःशंकपणे म्हणतो. मग आपण 'तेच' म्हणतो ते कोणत्या इंद्रियाच्या भरवशावर? मी महाबळेश्वरहून खरोखर मधमाश्यांचे मेण आणले आणि आईच्या दूध तापवण्याच्या पातेल्यात वितळवले. पातेले आजतागायत साफ झालेले नाही आणि प्रश्नही सुटलेला नाही.

सांजवात

अर्धविराम, त्या पातेल्यात गरम पाणी आणि मूठभर खायचा सोडा घालून पाहा. मेण वर येते.

आमच्या वाचन मंडळात जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) दाखवला होता, त्याची गोष्ट सांगते. त्यात एका सामुराईच्या मृत्यूची हकिकत प्रत्येकजण वेगळी सांगतो. चर्चेत मी मोठ्या उत्साहाने म्हणाले की हा तर आपला जैनांचा अनेकान्तवाद आहे, सात आंधळे आणि एक हत्ती, प्रत्येकाचे सत्य वेगळे. मंडळातील एक जैन मावशी शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, हत्तीला हात लावणारा एकही आंधळा खोटे बोलत नाही. पाय धरणाऱ्याला खांबच लागतो. तुमच्या चित्रपटात मात्र सगळेच काहीतरी लपवत आहेत." मी गप्प झाले, कारण त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

पुढच्या रविवारी आम्ही चित्रपट पुन्हा लावला. दरोडेखोर, स्त्री आणि माध्यमाच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई, हे तिघेही तो मृत्यू स्वतःच्याच हातून झाल्याचे सांगतात, हे मला पहिल्या वेळी जाणवलेच नव्हते. सुटका करून घेण्यासाठी माणूस खोटे बोलतो हे आपल्याला माहीत असते, येथे तर प्रत्येकजण स्वतःचे चित्र नीट राहावे म्हणून खुनाचा किंवा आत्मघाताचा आरोप आनंदाने अंगावर घेतो. लाकूडतोड्या तिऱ्हाईत वाटतो, तर त्यालाही एका खंजिराविषयी बोलायचे नसते. मावशींनी नंतर 'स्यात्' या शब्दाचा अर्थही समजावला : त्याचा अर्थ 'कदाचित' असा नसून 'एका विशिष्ट दृष्टीने' असा आहे, आणि त्या दृष्टीने केलेले विधान ठामच असते. 'स्याद्वाद म्हणजे संशयवाद' असे मी त्याआधी दोन लेखांत लिहून बसले होते.

पाटीपेन्सिल

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. चित्रपट मंडळे आणि रूपके यांच्यामुळे तत्त्वज्ञान सोपे झाल्याचा भास होतो. चित्र लक्षात राहते आणि युक्तिवाद विसरला जातो. आमच्या पदव्युत्तर वर्गात गुहेचे चित्र काढता न येणारा एकही विद्यार्थी नव्हता, पण त्याआधीच्या सहाव्या भागातील विभागलेल्या रेषेचे, म्हणजे ज्ञानाच्या पायऱ्यांचे, विवेचन दोघांनीच वाचले होते. तत्त्वज्ञानाचे काम प्रमाण देण्याचे आहे, उपमा देण्याचे नाही.

खमंग

पाटीपेन्सिल सर, प्रमाणांचा सर्वांत काटेकोर विचार करणाऱ्या नैयायिकांनीच (न्यायदर्शनाच्या पंडितांनीच) अनुमानाच्या पाच अवयवांत 'उदाहरण' सक्तीचे केले आहे, हे मी आपल्याला काय सांगावे! पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. 'तर्कसंग्रह' हा न्यायाचा ग्रंथ शिकवताना हे उदाहरण दिले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, आमच्या स्वयंपाकघरात धूर कुठे असतो?" वर्ग हसला आणि माझी क्षणभर पंचाईत झाली.

मग घरी जाऊन पुन्हा पाहिले. तिने नकळत पुढच्याच मुद्द्याला हात घातला होता. गॅसच्या शेगडीवर अग्नी असून धूर नाही, यामुळे 'धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे कायमचा संबंध, बिघडत नाही, बिघडते ती उलटी व्याप्ती, म्हणजे 'अग्नी तेथे धूर'. त्यासाठी ग्रंथात तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण आहे, आणि अग्नीपासून धूर निघायला ओल्या सरपणाचा संयोग लागतो, ही अट 'उपाधि' म्हणून सांगितलेली आहे. माझी आजी पावसाळ्यात चुलीपुढे डोळे पुसत बसायची, ती या उपाधीची बिनचूक जाणकार होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि शेगडीवरून सगळा हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतूचा प्रकार, तिच्याकडूनच मांडून घेतला.

पाटीपेन्सिल

मान्य. शेगडीचे उदाहरण उद्याच्या तासाला उचलतो आहे. रेषेविषयीची माझी तक्रार मात्र कायम आहे.

भिंगरी

मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नाही. एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळली आणि निवृत्त झाले. निवृत्तीच्या वर्षी यजमान गेले. मुलीने एका संध्याकाळी 'इकिरू' नावाचा १९५२ सालचा जपानी चित्रपट लावून दिला. त्यात एका नगरपालिकेतील साहेबाला कर्करोग झाल्याचे कळते आणि तो मुलांसाठी एक बाग करवून घेण्याच्या मागे लागतो. मला धक्का बसला तो असा की नायक चित्रपटात बऱ्याच आधी मरतो आणि उरलेली हकिकत त्याच्या दिवसाला जमलेले सहकारी सांगत बसतात. तेथे सगळे गहिवरतात, आपणही असेच काम करू अशा शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात तीच फाइल त्याच टेबलावरून पुढच्या टेबलाकडे जाते. ते टेबल माझेच होते.

पुढे एका प्रवचनात कठोपनिषदातील श्रेय (हिताचे) आणि प्रेय (आवडीचे) हे शब्द ऐकले. दोन्ही माणसाकडे येतात आणि धीर पुरुष त्यांतला फरक ओळखतो. पूर्वी ऐकले असते तर लाडू खावा की कारले, एवढेच समजले असते.

सांजवात

भिंगरीताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. सावकाश आणखी लिहा, आम्ही वाचत आहोत.

चक्रधर

ताईंनी कठोपनिषदाचे नाव काढले म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते आणि मी संस्कृत घेऊन एम.ए. केले, त्यामुळे आमच्या घरी रथाला फार महत्त्व आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथाचा स्वामी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. नंतर पालीतला बौद्ध ग्रंथ 'मिलिंदपञ्ह' वाचायला घेतला, तर तेथे भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की आपण पायी आलात की रथातून. राजा म्हणतो, रथातून. मग दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, असे एकेक विचारत नागसेन त्याला अशा जागी आणतो की 'रथ' हे या सर्वांवर अवलंबून असलेले केवळ एक नाव आहे, हे राजालाच सांगावे लागते. म्हणजे एका ग्रंथात रथ आहे तो आत बसलेला स्वामी दाखवण्यासाठी, आणि दुसऱ्यात तोच रथ उलगडतो ते आत कोणी बसलेले नाही हे दाखवण्यासाठी. उपमा एकच आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध. पाटीपेन्सिल सरांचा आक्षेप मला या ठिकाणी पटतो, उपमा स्वतः काहीच सिद्ध करत नाही. पण दोन्ही मुळातून वाचले नसते तर वाद नेमका कुठे आहे, हेही मला कळले नसते.

हे सर्व मी वडिलांना गॅरेजमध्ये सांगितले. समोर एक चेतक पूर्ण खोललेली होती, इंजिन एका गोणपाटावर आणि चाके दुसऱ्यावर. ते म्हणाले, "ही आत्ता स्कूटर आहे की नाही ते मला माहीत नाही, पण गिऱ्हाईक सहा वाजता न्यायला येणार आहे."

माजघर

चक्रधर, आपल्या वडिलांना नमस्कार सांगा. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्येही एक रथ आहे, एक घोडा गुणी आणि दुसरा हट्टी. तोही त्यांच्या कानावर घालावा.

चक्रधर

घातला. त्यांनी विचारले, "तिन्ही रथांत ब्रेक कुठे आहे?" मी लगाम म्हणालो. ते म्हणाले, "लगाम हा हँडल झाला. ब्रेक विचारला."