घरच्या घरी ब्रँडी कॉकटेल: मुंबईत मिळेल त्या सामानात काय जमेल?

कट्टेवाली_दादर
मंडळी, शनिवारी घरी सात जण जमतोय. व्हिस्की-सोड्याचा कंटाळा आलाय आणि जिनचे प्रयोग सगळ्यांचे करून झालेत. भावाने येताना विमानतळावरून कॉन्यॅक, म्हणजे फ्रान्सची द्राक्षाची ब्रँडी आणलीय, व्हीएसओपी दर्जाची, ७०० मिली. तेव्हा यावेळी ब्रँडीची जुनी कॉकटेल करायचा बेत आहे. साइडकार (लिंबाचं आंबट) आणि ब्रँडी अलेक्झांडर (क्रीम घातलेलं गोड) डोक्यात आहेत.
आता अडचणी. सगळ्यांसाठी कॉन्यॅक ओतणं जिवावर येतंय, आपल्याकडची कुठली ब्रँडी चालेल? पिवळं लेमन आणायलाच हवं का? अलेक्झांडरला लागणारी क्रेम द काकाओ (कोकोची गोड दारू) हे नाव आमच्या वाईन शॉपवाल्याने आयुष्यात ऐकलेलं नाही. शेकर (कॉकटेल हलवायचं भांडं) नाही आणि एका संध्याकाळसाठी घेणारही नाही.
सासूबाईंच्या मते ब्रँडी हे सर्दीचं औषध आहे आणि ते चमच्यानेच घेतात. त्याही असणार आहेत.

चकणाप्रमुख
सात जणांना दोन-दोन साइडकार म्हणजे बाटली आडवी, थेंब उरणार नाही. त्यापेक्षा निम्मी कॉन्यॅक, निम्मी देशी ब्रँडी असं करा. वास कॉन्यॅकचा येतो, खिसा देशीचा.
पण देशी घेताना ती काय आहे ते माहीत असलेलं बरं. कॉन्यॅक म्हणजे नुसत्या द्राक्षाची. वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा उकळून काढायची आणि ओकच्या पिंपात मुरवायची. व्हीएसओपीत सगळ्यात कोवळा हिस्साही किमान ४ वर्षांचा असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या ब्रँडीत बहुतेक भाग मळीच्या स्पिरिटचा आणि द्राक्षाची ब्रँडी नियमापुरती, म्हणजे किमान २ टक्के. बाकी काम कॅरॅमल आणि इसेन्स करतात. नावं ठेवत नाहीये, पण ही आधीच गोडसर असते. म्हणून परदेशी कृतीतली साखर जशीच्या तशी घातलीत तर खोकल्याचं सिरप होतं. सासूबाई खूश होतील, बाकीचे नाही.
मॅन्शन हाऊस ब्रँडी आपल्या श्रीरामपूरच्या कंपनीची, पण खप मुख्यतः दक्षिणेत. मुंबईत दुकानदार ब्रँडीला खालच्या फळीचा एक कोपरा देतो, तिथेच मागा. मॉर्फियस ही दुसरी देशी ब्रँडी मला कॉकटेलला जास्त आवडते, व्हॅनिलासारखा वास आहे. फक्त बाटलीवर एक्सओ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. एक्सओ म्हणजे किमान १० वर्षं हा नियम कॉन्यॅकचा, आपल्याकडच्या बाटल्यांना तो लागू नाही.

लोकल_साडेनऊची
लिंबाचं मी सांगते. आपलं कागदी लिंबू उत्तम चालतं, पण ते पिवळ्या लेमनपेक्षा तिखट बोलतं. साइडकारचं प्रमाण छापील कृतींत ५० मिली कॉन्यॅक, २० ट्रिपल सेक (संत्र्याच्या सालीची गोड दारू), २० लेमनचा रस असं असतं. कागदी लिंबाला रस १५ वर आणा, चाखा, मग हवा तर वाढवा. आणि पिळताना जोर लावू नका. शेवटचा अर्धा चमचा काढायच्या नादात सालीचं तेल उतरतं आणि पेल्यात कडवटपणा येतो. रस त्याच दिवशी काढायचा, आदल्या रात्रीचा फ्रिजमधला नको.
ट्रिपल सेकची बाटली घेताना मागचं लेबल वाचा. क्वांत्रो या नावाजलेल्या ब्रँडमध्ये अल्कोहोल ४० टक्के असतं. स्वस्तातल्या ट्रिपल सेक बऱ्याचदा त्याच्या निम्म्या ताकदीच्या आणि जास्त गोड. तसली असेल तर २० ऐवजी १५ पुरे.
पेल्याच्या कडेला साखर लावायची तर अर्ध्याच कडेला, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. आणि आयत्या वेळी लावा, या हवेत दहा मिनिटांत तिचा चिकटा होतो.
मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरा. ५ आणि १० मिलीच्या खुणा त्यावर असतातच.

वसईकरीण
अलेक्झांडरसाठी क्रेम द काकाओ शोधत फिरू नका. दोन मोठे चमचे कोको, एक वाटी साखर, एक वाटी पाणी, मंद आचेवर ढवळून गाळून घ्या. पातळ सुती कापडातून गाळा, नाहीतर तळाला गाळ बसतो. मूळ प्रमाण ब्रँडी, क्रेम द काकाओ, क्रीम या तिन्हींचं सारखं, ३०-३०-३० मिली. या पाकात दारू नाही, म्हणून ब्रँडी ४५ करा, पाक २०, क्रीम ३०. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं अमूल क्रीम चालतं, आधी गार करून नीट हलवून घ्या.
वरून जायफळ. यात आपल्याला कोणी शिकवायला नको, श्रीखंड-पुरणपोळीचं जायफळ घरात असतंच. अख्खं घ्या आणि बारीक किसणीवर पेल्यावरच दोनदा फिरवा. पुडीतली पूड म्हणजे भुसा.
सासूबाईंना मिल्क पंच द्या. गरम दूध, साखर, थोडी ब्रँडी, तेच जायफळ. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला हेच, पण गार, नाताळात पितात, त्यांना सांगायची गरज नाही. आमच्याकडे नाताळच्या केकचा सुकामेवा भिजवून उरलेल्या ब्रँडीचं आम्ही हेच करतो.

इतिहासाचा_तास
अवांतर: आज राय धान्याच्या व्हिस्कीत करतात ते साझेराक कॉकटेल मुळात ब्रँडीचं असं सांगतात. १८७० च्या दशकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे खाल्ले, कॉन्यॅक मिळेनाशी झाली आणि अमेरिकेत व्हिस्कीने जागा घेतली. ब्रँडीची कॉकटेल मागे पडली त्याचं मोठं कारण ही कीड.
आणखी एक सुचवतो, जॅपनीज कॉकटेल. जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या १८६२ च्या कृतींमधलं. ६० मिली ब्रँडी, १५ बदामाचं सिरप, दोन-तीन थेंब बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क). सिरप घरी करा, बाजारी बदाम सरबतात केशर-वेलची असते आणि पेल्यात मसाला दूध अवतरतं.

कट्टेवाली_दादर
वा! शेकरचं काय? आणि ब्रँडी सावर (ब्रँडी, लिंबू, साखर) करायचं मनात आहे, पण त्यात कच्चं अंडं लिहिलंय, आमच्यात दोघे खात नाहीत.

चकणाप्रमुख
लोणच्याची रिकामी बरणी नको, वास जात नाही. जॅमची मोठी काचेची बाटली घ्या, झाकण घट्ट. बर्फाने भरा, दहा-बारा सेकंद जोरात हलवा, चहाच्या गाळणीतून ओता. गाळणी नवी.
अंड्याऐवजी छोले शिजवलेलं पाणी, २० मिली. मीठ न घालता शिजवलेले हवेत. आधी बर्फाशिवाय हलवा, फेस धरतो, मग बर्फ घालून पुन्हा.
बर्फ मात्र आजच लावा आणि ट्रे झाकून ठेवा. फ्रीझरमध्ये बोंबील-सुरमई असेल तर बर्फ तो वास ओढून घेतो आणि साइडकारला बोंबलाची झाक येते.

लोकल_साडेनऊची
+१, बर्फाला. सात जणांसाठी दर वेळी मापं काढत बसू नका. ब्रँडी आणि ट्रिपल सेक दुपारीच एका बाटलीत मिसळून फ्रीझरला टाका. रस तेवढा हलवताना घालायचा.

परवानाधारक
परवाने काढलेत ना? आणि जमणाऱ्यांत कोणी पंचविशीच्या आतलं असेल तर त्याला कोकम सरबत. महाराष्ट्रात कडक दारूला २५ पूर्ण लागतात. शनिवारी ड्राय डे नाही ना तेही बघा, नाहीतर शुक्रवारीच बाटल्या आणा.

कट्टेवाली_दादर
सगळे तिशीच्या पुढचे आहेत हो. बरं, चकणा काय ठेवू?

चकणाप्रमुख
साइडकारबरोबर खारे काजू आणि चीज. शेव-फरसाण नको, तिखटावर लिंबू झोंबतं. अलेक्झांडर जेवणानंतर द्या, ते गोडातच मोजायचं.