रक्तदानाच्या फॉर्मवर समलैंगिक पुरुष कायमचे बाद का?

ओंकार_ठाणे
परवा एका सदस्याने लिहिलं, "रक्त देणं हा काही हक्क नाही. समलैंगिकांनी त्यासाठी कोर्टात जाणं म्हणजे रुग्णांच्या जिवाशी खेळ." याला दोन ओळींत उत्तर देणं शक्य नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

केंद्राच्या २०१७ च्या रक्तदाता निवडीच्या सूचना काढून वाचा. तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सगळे कायमचे बाद. टॅटू काढलेला माणूस वर्षभराने रक्त देऊ शकतो. मी कित्येक वर्षं एकाच जोडीदारासोबत राहतोय, दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह, तरी मी जन्मभर बाद. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आमची सुटका झाली, फॉर्म मात्र तसाच राहिला. मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी २०२१ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्राचं उत्तर : या गटांत एचआयव्हीचं प्रमाण ६ ते १३ पट जास्त आहे. असेल. पण मी काय करतो, कुणाबरोबर राहतो, हे मला कुणी विचारलंच नाही.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी रुग्णालयाने बदली दाते मागितले. फॉर्म हातात घेतला, त्या प्रश्नापाशी आलो आणि परत दिला. कल्याणहून मावसभावाला बोलावलं. नातेवाइकांना सांगितलं, माझं हिमोग्लोबिन कमी आहे. पोटच्या पोराने स्वतःच्या आईसाठी रक्त का दिलं नाही, हे काकू आजही विचारतात.

अनुची_आई
ओंकार, वाईट वाटलं. पण आता माझं ऐका. माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिच्या शरीरात पुरेसं रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी अनोळखी माणसाचं रक्त तिच्या अंगात जातं, आणि जन्मभर जाणार. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं रक्तातून एचआयव्ही बाधित झाल्याची बातमी आली, त्यातलं एक दगावलं. तो आठवडा आमच्या पालकांच्या ग्रुपवर कुणी झोपलं नाही. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, २०१७ च्या आकड्यांत सर्वसाधारण प्रौढांत एचआयव्ही ०.२ टक्के, तुमच्या गटात २.७. हे आकडे पाहून मी कुणाच्या भावना जपू?

पेढीतला_माणूस
रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, म्हणून बोलतो. ताई, तुमची भीती खरी आहे, पण हा नियम तुमच्या मुलीला वाचवत नाही. शिबिरात फॉर्म कसे भरले जातात ते पाहा. टेबलाला टेकून चौघे उभे, मागे ढोलताशा, आणि दाता 'नाही'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढतो. खोटं बोलणारा आत येतो, ओंकारसारखा खरं बोलणारा बाहेर जातो.

खरी भानगड विंडो पिरियडची आहे. नुकती लागण झालेली असते आणि एलायझा या नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. विषाणू थेट शोधणाऱ्या नॅट चाचणीने हा काळ साधारण दहा दिवसांवर येतो, पण नॅट आपल्याकडे सक्तीची नाही. खर्च नको म्हणून कितीतरी पेढ्या करतच नाहीत.

नाना_सातारकर
शिबिरांचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. साहेबांचा वाढदिवस आला की हेल्मेट, कुकर, बॅग! पोरं कुकरसाठी रक्त देतात आणि ९० दिवस व्हायच्या आत दुसऱ्या साहेबांच्या मांडवात उभी. एका दिवसात एवढं रक्त गोळा करायचं, ३५-४२ दिवसांत लाल पेशींची मुदत संपली की टाकून द्यायचं, आणि मे महिन्यात पेढ्या कोरड्या. आधी हे बंद करा, मग समलैंगिकांचं बघू.

तेजू२२
नाना, शंभर टक्के सहमत! वर पेढीवाले पिशवीमागे पैसे घेतात ते वेगळेच. फुकट मिळालेलं रक्त विकतात आणि आम्ही दाते मूर्ख. मी तर आता देतच नाही.

पेढीतला_माणूस
तेजू, 'विकतात' हा शब्द मागे घ्या. खासगी पेढीत १,५५० रुपये ठरलेत ते प्रक्रियेचे : पिशवी, पाच चाचण्या, घटक वेगळे करणं, साठवण. त्याहून जास्त घेणाऱ्याची तक्रार करा, मी स्वतः साक्षीला येतो. पण रात्री तीन वाजता प्लेटलेट हलवत बसणाऱ्याला चोर म्हणू नका.

तेजू२२
बरं, तुमच्यापुरता मागे घेतला. आमच्याकडून मात्र दुप्पट घेतले होते आणि पावतीही दिली नाही. ते कोण परत देणार?

नाना_सातारकर
तेच म्हणतोय मी! सगळी साखळीच सडलेली आहे.

ओंकार_ठाणे
नाना, कुकर आणि पावत्यांसाठी वेगळा धागा काढा. प्रत्येक वेळी हेच होतं. आमचा प्रश्न मांडला की "आधी ते, मग हे". हे 'मग' कधी येतं?

मुग्धा_टोरांटो
इथे कॅनडात सप्टेंबर २०२२ पासून समलैंगिक आहात का, हे विचारतच नाहीत. स्त्री असो वा पुरुष, सगळ्यांना प्रश्न एकच : गेल्या तीन महिन्यांत नवा किंवा एकाहून जास्त जोडीदार होता का, आणि असेल तर गुदसंभोग झाला का. उत्तर 'हो' असेल तर थांबा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या घेत असाल तरी थांबा. ब्रिटनने हे २०२१ मध्ये केलं, अमेरिकेने २०२३ मध्ये, इटलीने तर २००१ पासून. माझा नवरा आणि शेजारचे दोघे मित्र एकाच दिवशी रक्त देऊन आले.

अनुची_आई
मुग्धा, तुमच्याकडे प्रत्येक पिशवीची नॅट होते. आमच्याकडे ती होते की नाही हे मी दर वेळी काउंटरवर विचारते, आणि दर वेळी तो मुलगा वैतागतो. तिथला नियम उचलून इथे आणताना तिथली प्रयोगशाळाही आणा.

ओंकार_ठाणे
मान्य, नॅट सक्तीची व्हायलाच हवी. पण ताई, ती होत नाही याची शिक्षा मला का? बायको सोडून इतर ठिकाणी जाणाऱ्या पुरुषालाही नियमाने बादच करायचं आहे, पण त्याला त्याच्या वागण्याबद्दल विचारतात. तो रेघ ओढून आत जातो आणि त्याचं रक्त अनूला चालतं. हाच प्रश्न मलाही विचारा, एवढंच मागतोय.

पेढीतला_माणूस
आणि एकट्याला, बंद खोलीत विचारा. मांडवात बायकोसमोर कोण खरं सांगणार? समुपदेशक असायला हवा असं कागदावर आहे. शिबिरात तो बिस्किटं वाटत असतो.

अनुची_आई
प्रश्न वागण्याचे असावेत, सगळ्यांना सारखे असावेत, इथपर्यंत मी येते. मनापासून नाही, पण येते. त्यापुढे नाही. आधी देशभर नॅट सक्तीची करा, बंद खोल्या उभ्या करा, मग तुमची बंदी उठवा. हा क्रम उलटा झाला तर कोर्टात तुमच्यासमोर मी उभी असेन, ओंकार.

ओंकार_ठाणे
नॅटच्या मागणीचा अर्ज तुम्ही लिहा, पहिली सही माझी. क्रमावर मात्र आपण भांडणार.

नाना_सातारकर
अर्जात कुकरचंही टाका.