लोकरीच्या पांघरुणावर देवनागरीत नाव विणताना अक्षरे बसकी येतात

लोकरछंदी (प्रश्न):
भाचीच्या बाळंतविड्यासाठी मी लोकरीचे पांघरूण विणत असून त्याच्या एका कोपऱ्यात बाळाचे नाव देवनागरीत यावे, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. नाव ठरले आहे, परंतु बारशापर्यंत ते बाहेर फुटू द्यायचे नसल्याने येथे उदाहरणादाखल 'मुक्ता' धरू. खऱ्या नावातही असाच एक उकार आणि एक जोडाक्षर आहे. पांघरूण साध्या विणीचे आहे, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. सुया ८ नंबरच्या, अर्थात ४ मिलिमीटरच्या आहेत आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके व ३० ओळी बसतात. चौकड्यांच्या कागदावर अक्षरे काढून नमुन्याचा तुकडा विणून पाहिला, तेव्हा कागदावर सुबक दिसणारे 'म' लोकरीत बसके आणि आडवे पसरलेले दिसले. याला उपाय काय? शिवाय मागच्या बाजूला रंगीत धाग्यांचे लांब लोंबते फास राहिले, तर त्यांत बाळाची बोटे अडकतील, ही भीती आहेच.

चौकटराजा:
दोष आपल्या हाताचा नाही, कागदाचा आहे. कागदावरची चौकट चौरस असते आणि सुलट टाका चौरस नसतो, तो उंचीपेक्षा रुंद असतो. आपल्याच मापाने पाहिले, तर एक टाका सुमारे ४.५ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ३.३ मिलिमीटर उंच आहे. त्यामुळे कागदावर १२ × १२ चौकटींत काढलेले अक्षर प्रत्यक्षात साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम चार सेंटिमीटर उंच होते. रुंदी १२ टाके ठेवायची असेल, तर उंचीला १६ ओळी द्याव्यात. उत्तम म्हणजे २२ : ३० याच प्रमाणात आडव्या चौकटी आखलेला कागद स्वतः तयार करावा आणि अक्षर त्यावरच काढावे, म्हणजे डोळ्यांना दिसेल तेच लोकरीत उतरेल.

हाच हिशोब रेघांच्या जाडीलाही लावावा लागतो, आणि तिकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उभा दंड दोन टाक्यांचा घेतला, तर तो सुमारे ९ मिलिमीटर जाड होतो. शिरोरेघ त्याच्याशी जुळायची असेल, तर ती दोन नव्हे, तीन ओळींची हवी. शिरोरेघ बारीक आणि दंड जाड झाला, की अक्षर डोक्यावर टोपी नसल्यासारखे उघडे दिसते.

उकारासाठी अक्षराच्या पायाखाली निदान सात ओळी राखून ठेवा. त्याचा वाटोळेपणा साधण्याच्या भरीस पडू नये. एक छोटी आडवी रेघ, तिला खाली उतरणारे वळण आणि शेवटी बाहेर आलेले टोक एवढ्यावर वाचणाऱ्याला उकार कळतो. जोडाक्षराबाबत माझे मत जरा आग्रही आहे. 'क्त' जुन्या, एकात एक गुंतलेल्या वळणाने काढू नये, कारण त्यातली बारीक आडवी रेघ आणि गाठ इतक्या थोड्या टाक्यांत एकमेकींत मिसळतात. 'क' अर्धा काढून त्याला पूर्ण 'त' जोडावा. अशा रीतीने सगळे नाव सुमारे ३४ टाके आणि २६ ओळींत, म्हणजे साधारण साडेपंधरा सेंटिमीटर रुंदीत मावेल.

दाभण:
प्रमाणाबद्दल वर लिहिले आहे ते पटण्यासारखेच आहे, म्हणून मी फक्त धाग्यांविषयी लिहिते. दोन्ही रंग ओळभर सोबत नेण्याची फेअर आयलची पद्धत येथे वापरू नये. नाव एका कोपऱ्यात आणि पांघरूण दीड-दोनशे टाक्यांचे, तेव्हा दुसरा रंग विनाकारण सगळीकडे ओढत न्यावा लागेल किंवा मागे लोंबेल. इंटार्सियाने, म्हणजे प्रत्येक रेघेला स्वतंत्र छोटा गुंडा लावून आणि रंग बदलताना दोन्ही धाग्यांना पीळ देऊन विणता येईल. पण 'मुक्ता'च्या मधल्या ओळींत चार-पाच उभ्या रेघा शेजारी शेजारी येतात, मधल्या जागांचे धागे वेगळेच, आणि शेवटी लपवायला टोकांचे जंगल उरते.

आपल्या कामाला सर्वांत योग्य रीत म्हणजे पांघरूण एका रंगात पूर्ण विणून नाव नंतर टाक्यावर टाका घेऊन भरणे. बोथट टोकाच्या सुईत त्याच जाडीची लोकर ओवावी. सुलट टाका इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो. त्याच्या खालच्या टोकातून सुई वर काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्यावी आणि परत त्याच खालच्या टोकात घालावी. मूळ टाका पूर्ण झाकला जातो आणि नाव विणलेलेच वाटते. लोकर ओढून घेऊ नये, नाहीतर खालचा रंग बाजूने डोकावतो आणि कापड आखडते. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर मागून उडी न मारता प्रत्येक रेघ वेगळी संपवली, तर मागे बोट अडकण्याजोगा फास राहत नाही. आपल्या घरच्या गुपिताची सोयही यात आहे: पांघरूण आताच विणून ठेवता येईल आणि नाव बारशाच्या आदल्या रात्री भरता येईल.

गडद लाल किंवा निळी लोकर घेणार असाल, तर तिचा वीतभर तुकडा आधी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून पाहावा. बाळाचे पांघरूण वारंवार धुवावे लागते.

उलटसुलट:
एकाच रंगात नाव उठवण्याचा मार्गही विचारात घ्यावा. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळी जे घट्ट विणीचे गॅन्सी स्वेटर घालत, त्यांत खालच्या पट्टीच्या वर, सुलट पृष्ठावर उलट टाक्यांनी मालकाची आद्याक्षरे विणलेली असत. स्कॉटलंडमधल्या सँकर गावच्या दोन रंगी हातमोज्यांतही मनगटापाशी आद्याक्षरे विणण्याची प्रथा आहे.

मात्र देवनागरीसाठी या रीतीत एक खोच आहे. सुलट पृष्ठावर उलट टाक्यांची आडवी ओळ वर उठते, पण उलट टाक्यांची उभी पट्टी आत दबते. स्वेटरच्या मनगटाची पट्टी याच गुणामुळे आकसते. परिणामी शिरोरेघ ठसठशीत दिसेल आणि तिच्याखालचे दंड खोबणीत गेल्यासारखे नाहीसे होतील. रोमन लिपीला हा त्रास कमी होतो, कारण तिथे सगळी अक्षरे डोक्यावरून एका सलग रेघेने बांधलेली नसतात. तेव्हा अक्षराचे सगळे अंग एक सुलट, एक उलट अशा आलटून पालटून येणाऱ्या दाणेदार विणीत घ्यावे, म्हणजे उभ्या आणि आडव्या रेघा सारख्याच उठावाच्या दिसतात.

विणकामात अक्षरे घालण्याची परंपरा किती जुनी आहे, याचे एक सुंदर उदाहरण स्पेनमधल्या बुर्गोस येथे लास वेल्गास मठात आहे. १२७५ मध्ये मरण पावलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात रेशमाची विणलेली उशी सापडली. तिच्या कडेने कुफी वळणाच्या अरबी अक्षरांत 'आशीर्वाद' या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा विणलेला आहे. कुफी वळण सरळ उभ्या-आडव्या रेघांचे असल्याने ते टाक्यांत सहज बसले. आपणही शाईच्या लेखणीचे वळण विसरून सरळ रेघांचेच अक्षर निवडावे.

लोकरछंदी:
सर्वांचे मनापासून आभार. नाव नंतर भरण्याची रीत मी नक्की केली आहे. आता सासूबाईंचे म्हणणे असे, की पांघरूण दोन्ही बाजूंनी पाहिले जाणार, मग नावही दोन्ही बाजूंनी वाचता आले पाहिजे. क्रोशाच्या तोरणावर 'सुस्वागतम्' असते तसे जाळीत करता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे.

चौकटराजा:
तोरणाच्या जाळीत एक खांब, दोन साखळ्या अशी रिकामी खणे आणि खांबांनी भरलेली खणे असतात. ते खण जवळजवळ चौरस असल्याने साधा चौकड्यांचा कागद चालतो आणि शिरोरेघ म्हणजे सलग भरलेल्या खणांची ओळ, इतके ते सोपे आहे. तरीही तान्ह्या बाळाच्या पांघरुणाला जाळी नको, पायाची बोटे त्यात हमखास अडकतात. शिवाय मागून पाहिले, तर तिथेही नाव आरशातल्यासारखे उलटेच दिसते.

दाभण:
दोन्ही बाजूंनी नाव सरळ हवे असेल, तर एकाच सुईवर दोन थर विणण्याची दुहेरी पद्धत आहे, ज्यात पुढचा थर एका रंगाचा आणि मागचा दुसऱ्या रंगाचा येतो. नेहमीच्या रीतीने विणल्यास मागे नाव उलटे येते; दोन्हीकडे सरळ हवे, तर पुढच्या आणि मागच्या थरासाठी दोन वेगळे आराखडे एकाच वेळी समोर ठेवून विणावे लागते. लोकर दुप्पट लागते आणि पांघरूण गोधडीइतके जड होते. त्यापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर उंचीची वेगळी पट्टी विणून तिच्यावर नाव भरावे आणि ती मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी, पुढच्या नावाचे मागचे टाके झाकले जातील अशी, चारही कडांनी शिवावी. सासूबाईंना दोन्हीकडे नाव मिळेल आणि मागचे सगळे धागे पट्टीखाली बंद होतील. पट्टी शिवण्यापूर्वी ती आणि पांघरूण दोन्ही एकदा धुऊन सपाट वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर एक आटते, दुसरे आटत नाही आणि कोपऱ्याला सुरकुत्या पडतात.