मदत हवी आहे: कायकजवळ आला की मासा सुटतो

पाणसाप: नदीत कायकवरून (वल्हवायची छोटी अरुंद नाव) सॅमन आणि ट्राउट, दोन्ही लागतात. लागतात म्हणजे व्यवस्थित लागतात. रॉड वाकतो, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) ओरडतो, आणि कायकपासून चार-पाच हातांवर आला की गेला. गळ सरळ होत नाही, लाइन तुटत नाही, गाठ शाबूत असते, गळाला धार आहे. जाळंसुद्धा मोठं घेऊन झालं. काठावरून हेच सामान वापरलं की मासा येतो, त्यामुळे "लाइन सैल सोडत असाल" हे कृपया नको. शनिवारी परत जायचंय. जाणकारांनी लवकर सांगावं.

गाळखडक: लाइन कुठली, रॉड किती फुटी, ड्रॅग किती पौंडांवर, आमिष काय, गळ तिहेरी की एकेरी, कायक नांगरलेली की वाहती? यातलं एकही लिहिलेलं नाही. "हेच सामान" म्हणजे कुठलं?

एकगळी: तिहेरी गळ काढून टाका, विषय संपला. तिहेरीची दोन टोकं तोंडात आणि एक बाहेर राहतं. मासा गिरकी घेतो तेव्हा आमिषाचं सगळं वजन तरफेसारखं काम करून गळ उचकटतं. स्पूनला (चमच्यासारखं धातूचं आमिष) आणि प्लगला (माशाच्या आकाराचं आमिष) सायवॉश, म्हणजे लांब दांडीचा एकेरी गळ लावा. प्लगला लावताना मध्ये एक छोटा स्विव्हल (फिरती कडी) घाला, म्हणजे गळ स्वतंत्र फिरतो. वर बऱ्याच नद्यांवर बिनकाट्याचा (टोकाजवळ उलटी अणी नसलेला) एकेरी गळच चालतो. आपल्या नदीचा नियम बघून घ्या.

लांबकाठी: गळ बदलून काय होणार? ते काठावरून त्याच गळाने मासे काढतायत. फरक नावेत आहे.

एकगळी: काठावर मासा वाळूवर ओढता येतो. इथे शेवटची गिरकी नेमकी जाळ्याशेजारी होते. तेच सांगतोय.

पाणसाप: २० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन), पुढे १२ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (आमिषाआधीचा लाइनचा तुकडा). रॉड ६ फुटी. ४ नंबरचा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष), कधी प्लग. ड्रॅग हाताने ओढून अंदाजे लावतो, चांगला घट्ट. कायक नांगरलेली असते. नांगराची दोरी बसायच्या जागेशेजारच्या कडीला बांधतो, हाताशी राहते. आता सांगा.

गाळखडक: थांबा. मासा राहू दे बाजूला. वाहत्या पाण्यात मधल्या कडीला नांगर बांधायचा नाही. कायक प्रवाहाला आडवी होते, पाणी वरच्या बाजूने कडेवर चढतं, दोरी तीच कड खाली खेचते आणि नाव प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलटते. सावरायला वेळ मिळत नाही. दोरी टोकालाच हवी, पुढच्या किंवा मागच्या. हाताशी हवी असेल तर कडेने कप्प्यांवरून फिरणारी दोरीची माळ, म्हणजे अँकर ट्रॉली, बसवा. नांगर टाकायचा, कडी टोकापर्यंत सरकवायची आणि दोरी झिगझॅग क्लीटमध्ये अडकवायची. क्लीट म्हणजे एका झटक्यात सुटणारी दोरीची पकड. गाठ नाही. दोरीच्या मोकळ्या टोकाला तरंगा बांधा. मोठा मासा लागला की दोरी सोडून माशामागे वाहत जा, नांगर नंतर तरंग्याला धरून उचला.

मागचेबाक: +१, पण मागच्या टोकालासुद्धा नको. माणूस आणि पेटी दोन्ही मागे, ते टोक आधीच खोल बसलेलं असतं. जोराच्या प्रवाहात पाणी त्यावरून चढतं.

गाळखडक: संथ पाण्यात मागून चालतं, आमिष समोर दिसतं. जोराच्या पाण्यात नांगरूच नये, पुढूनही नाही.

मागचेबाक: हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. शिवाय दोरी खोलीच्या निदान तिप्पट, प्रवाह असेल तर पाचपट. घडीचा नांगर दगडात अडकतो, म्हणून साखळी नांगराच्या तळाशी जोडा आणि वरच्या कडीला नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधा. अडकला की जोरात ओढायचं, पट्टी तुटते आणि नांगर उलटा होऊन निघतो. दोरी कापायला सुरी लाइफ जॅकेटवर लावलेली हवी, पेटीत नाही.

रक्तकल्ला: मासा आला की लगेच कल्ले कापून वाहत्या पाण्यात रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. नाहीतर मांस काळपट पडतं.

लांबकाठी: आधी येऊ तर द्या हो नावेत!

लांबकाठी: आता मूळ प्रश्न. ब्रेड ताणत नाही. लांबवर असताना रॉड धक्का पचवतो, पण चार-पाच हातांवर लाइनच उरत नाही आणि प्रत्येक डोकंझटका थेट गळावर जातो. त्यात ६ फुटी रॉड. मासा नावेच्या टोकाला वळसा घालतो तेव्हा रॉडचं टोक पलीकडे पोचत नाही, लाइन नावेच्या तळाला घासते किंवा ओढ उलट दिशेने येते, आणि लागलेला गळ उलट्या बाजूने निघतो. मासा नांगराच्या दोरीभोवती गेला तर बघायलाच नको. ७॥ ते ८ फुटी, मऊ टोकाचा रॉड घ्या.

एकगळी: बसून ८ फुटी रॉडने मासा जाळ्यात घेणार कसा? हात पुरत नाहीत. ७ पुरे.

लांबकाठी: रॉड मागे झुकवायचा, साधारण रॉडच्या लांबीइतकी लाइन बाहेर ठेवायची. स्पिनर टोकापर्यंत गुंडाळून रॉड उभा धराल तर टोक तुटेल, मग ६ काय नि ८ काय.

गाळखडक: ड्रॅग अंदाजाने नको. सर्वांत कमकुवत दुवा १२ पौंडी लीडर आहे. त्याचा पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे ३ ते ४ पौंड. साधा स्प्रिंग काटा लाइनला अडकवून, रॉड वाकवून मोजा. मासा जवळ आला की आणखी थोडा सैल करा आणि स्पूलवर (रिळाच्या लाइन गुंडाळलेल्या भागावर) अंगठ्याने दाब द्या. काठावर घट्ट ड्रॅग खपतो, कारण तिथे तुम्ही दोन पावलं पुढे जाऊ शकता.

मागचेबाक: जाळं मोठं नको, एका हाताने उचलेल असं हवं, रबरी जाळीचं. दोऱ्याच्या जाळीत तिहेरी गळ अडकतो, आणि मासा अर्धा बाहेर असताना तो अडकला की संपलं. जाळं आधी पाण्यात बुडवून ठेवा, मासा डोक्याकडून त्यात आणा. शेपटीकडून घातलं की पुढे उसळी मारतो. आपलं नाक नावेच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही.

पाणसाप: स्पिनर सोडून प्लग वापरला तर? माझा प्लग डावीकडे पळतो.

एकगळी: नाकाची कडी पक्कडीने अगदी किंचित उजवीकडे वळवा, मग शेजारी पाण्यात ओढून बघा. एकेरी गळ लावल्यावर वजन बदलतं, म्हणून परत तपासा. पण सॅमनला काय लावता हा मुद्दा नाहीच. नदीत चढताना तो खात नाही, चिडून तोंड मारतो, म्हणून अनेकदा ओठाच्या कडेलाच लागतो. तिथून गळ निघणारच. गाळखडक यांनी सांगितल्याप्रमाणे ड्रॅग सैल हवा.

लांबकाठी: म्हणजे शेवटी ड्रॅगच. गळाचं काय झालं मग?

एकगळी: दोन्ही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पाणथर्मा: ट्राउट सोडणार असाल तर पाण्याचं तापमान बघा. २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की लढवलेला ट्राउट सोडला तरी मरू शकतो. त्या दिवशी त्याच्यामागे जाऊ नका. आणि थंड पाण्यात पडलात तर पहिला मिनिट श्वास आवरण्यात जातो, म्हणून लाइफ जॅकेट अंगावर, आसनामागे नाही. वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) घालत असाल तर पट्टा आवळलेला. पाणी भरलेला वेडर खाली ओढत नाही, पण त्यानिशी नावेत परत चढणं फार अवघड.

पाणसाप: ट्रॉली शनिवारपर्यंत बसेल असं वाटत नाही. रॉड ७ फुटी आहे घरात. ड्रॅग मोजतो. नांगराशिवाय कसं करू?

गाळखडक: नांगर घरी ठेवा. प्रवाहाच्या कडेचा संथ पट्टा शोधा, त्यात शिरा, नाव काठाच्या खडकाशी टेकवा आणि जोराच्या पाण्याच्या शिवेवर स्पिनर टाका. झाडं आडवी पडलेली असतील तिथे प्रवाहाच्या वरच्या बाजूला थांबू नका. पाणी फांद्यांतून जातं, नाव जात नाही.