प्लॅनेट झू मधले झेब्रे बापाशी भांडतात, सेरेंगेटीत पण असंच चालतं का?

कुरणवाला_केदार:
प्लॅनेट झू, म्हणजे तो कॉम्प्युटरवर प्राणीसंग्रहालय चालवायचा गेम, खेळणारं कोणी आहे का इथे? मी फ्रँचायझी मोडमधे आफ्रिकन कुरण केलंय, त्यात साधे प्लेन्सवाले झेब्रे, शहामृग आणि जिराफ. झेब्र्यांची सुरुवात एक नर आणि चार माद्यांपासून केली होती, आता शिंगरं झालीत, कळप मस्त वाढलाय, पण मुलगा वयात आला रे आला की बापावर धावून जातो. एक जण जखमी होतो, व्हेटकडे पाठवायचा, बरा होऊन आला की पुन्हा तेच, तोपर्यंत दुसरा मुलगा मोठा झालेला असतो. वेल्फेअर लाल, लोक बोर्ड घेऊन निषेधाला उभे, आणि मी आपला गवत कुठलं लावू याचा विचार करत बसलेलो.

गेममधे हे कसं आवरायचं ते सांगाच, पण मला खरी खाज वेगळीच आहे. सेरेंगेटीच्या व्हिडिओत हजारो झेब्रे एकत्र चरताना दिसतात आणि सगळे निवांत. त्यातले अर्धे तरी नर असतीलच ना? मग तिथे का नाही पेटत? का गेमवाल्यांनी आपल्याला कामाला लावायला हा मसाला घातलाय?

पप्पू_झूवाला:
मसाला नाही भावा, तू झूपीडिया, म्हणजे गेममधला प्राण्यांचा माहितीकोश, उघडलंच नाहीस. त्यात सोशलचा भाग बघ, मिक्स ग्रुपमधे वयात आलेले नर किती चालतात, नुसत्या नरांचा बॅचलर ग्रुप किती मोठा चालतो, सगळं लिहिलेलं असतं. मी काय करतो तर माद्यांना कॉन्ट्रासेप्टिव्ह चालू ठेवतो, एका वेळी एकीचंच बंद, आणि नर शिंगरू झालं की त्याच्यावर डोळा ठेवायचा, मोठा व्हायच्या आत उचलून ट्रेड सेंटरला, म्हणजे गेममधल्या प्राणी खरेदी-विक्रीच्या जागी. जीन्स चांगले असतील तर विकायचा नाहीतर रिलीज टू वाइल्ड, म्हणजे जंगलात सोडून, कॉन्झर्वेशन क्रेडिट हे गेममधलं चलन घ्यायचं. मुलींना पण वेळेत काढ, नाहीतर बाप आणि मुलगी यांचं ब्रीडिंग होतं आणि इनब्रीडिंगने पुढच्या पिढीची इम्युनिटी फर्टिलिटी सगळं गाळात. एवढं करायचा कंटाळा असेल तर सरळ सँडबॉक्स मोड, तिथे वय वाढणंच बंद करता येतं.

खऱ्या जंगलाचं मला विचारू नको, मी बोरिवलीच्या पलीकडचं जंगल बघितलेलं नाही.

नैरोबीकर_माई:
नमस्कार. आम्ही बरीच वर्षं नैरोबीत आहोत. इथलं नॅशनल पार्क १९४६ सालचं, आणि शहराला इतकं खेटून की झेब्र्यांच्या मागे उंच इमारती दिसतात, त्यामुळे गावाकडून पाहुणे आले की पहिली फेरी तिथेच. गेम माझा मुलगा खेळतो, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण झेब्र्यांचं सांगते.

केदार, तुम्हाला व्हिडिओत जो हजारोंचा कळप दिसतो तो एक कळप नसतोच मुळी. छोटी छोटी कुटुंबं शेजारी शेजारी चरत असतात. एक नर, दोन-चार, कधी पाच-सहा माद्या आणि त्यांची शिंगरं, झालं एक कुटुंब. नर जागेसाठी भांडत नाही कारण त्याचा स्वतःचा असा इलाका नसतो, त्याला सांभाळायच्या असतात त्या माद्या. म्हणून दोन कुटुंबांचे नर समोरासमोर आले तर नाकाला नाक लावून हुंगतात, थोडा रुबाब करतात आणि आपापल्या माद्यांकडे परत जातात. रोजच्या ओळखीचे असतात हो ते.

माद्या मात्र एकमेकींना धरून. नर म्हातारा झाला, मेला, दुसरा आला, तरी माद्यांचा गट बहुतेक तोच राहतो. चालायला लागले की मान असलेली जुनी मादी पुढे, तिच्यामागे तिचं शिंगरू, मग पुढची मादी तिच्या शिंगरासकट, आणि नर बहुतेक वेळा सगळ्यात मागे नाहीतर बाजूला. नवीन मादी कुटुंबात आली की जुन्या तिला चावतात, हुसकतात, चक्क सासुरवास, आणि नराला मधे पडावं लागतं.

आता मुलांचं. मुलगा साधारण एक ते चार वर्षांच्या दरम्यान कधीतरी घर सोडतो आणि बाप त्याला सहसा हाकलतसुद्धा नाही. आईला नवीन शिंगरू झालेलं असतं, बरोबरीचं खेळायला कोणी नसतं, आणि जवळच तरुण नरांची टोळी चरत असते, हा हळूहळू तिकडे सरकतो. त्या टोळीत दिवसभर खोट्या कुस्त्या चालतात, मानेवर मान टाकून ढकलायचं, पुढचे गुडघे टेकून एकमेकांचे पाय चावायला बघायचं, पाठीमागे लागून पळायचं. त्यातून तयार होऊन चार-पाच वर्षांचा झाला की मग तो माद्यांच्या शोधात निघतो. म्हणजे बापलेकाची जुंपते ती तुमच्या गेममधे, कारण तिथे कुंपण आहे आणि पोराला जायला जागाच नाही. जंगलात भांडायची वेळ यायच्या आधीच तो निघून गेलेला असतो.

खरी मारामारी होते ती मुलींवरून. मुलगी पहिल्यांदा माजावर आली की आजूबाजूचे सगळे नर गोळा होतात, बाप एकाला पळवून लावेपर्यंत दुसरा मागून येतो, आणि शेवटी कोणीतरी तिला घेऊन जातंच. तेव्हा दात आणि मागच्या लाथा दोन्ही चालतात. ते बघितलं तर निवांत वगैरे कोणी म्हणणार नाही.

सांगली_एक्सप्रेस:
माई भारी लिहिलंत. पण मग ते पट्टे कशाला? शाळेत तर सांगितलं होतं की सगळे एकत्र पळाले की सिंहाचे डोळे गरगरतात.

डॉ_लगाम:
सिंहाचं अजून कोणी धड सिद्ध केलेलं नाही. सध्या सगळ्यात जास्त पुरावा आहे तो गोमाश्यांचा. टिम कॅरो आणि त्यांच्या टीमने इंग्लंडमधल्या तबेल्यात घोड्यांच्या अंगावर काळी, पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची कापडं घालून बघितली, २०१९ ला तो पेपर आला. माश्या सगळ्यांच्या जवळ सारख्याच येत होत्या पण पट्ट्यांवर उतरायचं त्यांना जमत नव्हतं, धडकून नाहीतर वरूनच निघून जात होत्या. आणि त्याच घोड्याच्या डोक्यावर, जिथे कापड नव्हतं, तिथे नेहमीसारख्या बसत होत्या. आफ्रिकेत गोमाश्या रोग पसरवतात आणि झेब्र्याचे केस घोड्यापेक्षा आखूड असतात, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे.

बरं मूळ प्रश्नाकडे. मी व्हेटरनरीवाला आहे, गेम पण खेळतो, तर दोन्हीकडचं सांगतो. माईंनी सांगितलं की जंगलात पोरगा आपला आपण निघून जातो. प्राणीसंग्रहालयात हे निघून जाणं माणसाला करून द्यावं लागतं, पप्पू ट्रेड सेंटरचं जे सांगतोय ना तेच खऱ्या झूमधले प्राणी सांभाळणारे क्युरेटर करतात, फक्त तिथे वर्षभर पत्रव्यवहार, क्वारंटाइन, रक्ताच्या तपासण्या आणि क्रेटची सवय लावणं असतं. कुठला नर कुठे पाठवायचा हे स्टडबुक बघून ठरतं, त्यात प्रत्येकाचे आईबाप आजीआजोबा नोंदलेले असतात. जो नर कुठेच जात नाही तो नरांच्या वेगळ्या गटात राहतो.

गेममधे जे अजिबात नाही आणि खऱ्या झूमधे फार महत्त्वाचं आहे ते म्हणजे नवीन नर आणणं. गेममधे तू जुना नर विकून दुसऱ्या दिवशी नवा सोडतोस, काही होत नाही. खऱ्यात नवा नर दुसऱ्याचं शिंगरू मारू शकतो. चेक देशातल्या द्वूर क्रालोव्हे झूमधल्या जुन्या नोंदी तपासून संशोधकांनी २००० साली हे मांडलं, आणि त्यात असं दिसलं की मादी नुकतीच गाभण असताना नवा नर आत आला तर ते शिंगरू जगण्याची शक्यता सगळ्यात कमी, गाभण काळ जितका पुढे गेलेला तितकं बरं. झेब्र्याची मादी वर्षभर, कधी त्याहून थोडी जास्तच गाभण असते, त्यामुळे नर बदलायची वेळ चुकली तर अख्खं वर्ष वाया. हे गेममधे घातलं तर अर्धे लोक गेम सोडतील, ते जाऊ द्या.

आणि पप्पू, ते रिलीज टू वाइल्ड. अरे प्लेन्स झेब्रा नियर थ्रेटंड, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरचा आहे, २०१६ पासून, संख्या कमी होतेय हे खरं, पण कमी होतेय ती कुंपणं, गुरं आणि शिकार यामुळे. तिथे जन्मलेल्यांनाच जागा पुरत नाही, आपल्या झूमधला पेंढा खाऊन वाढलेला कोण घेणार? शिवाय झेब्रा आफ्रिकन हॉर्स सिकनेस या घोड्यांच्या रोगाचा विषाणू अंगात बाळगतो, त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, पण बारीक चिलटांमार्फत घोड्यात गेला की घोडे पटापट मरतात. थायलंडमधे २०२० ला शेकडो घोडे गेले तेव्हा बाहेरून आणलेल्या झेब्र्यांवरच संशय होता. त्यामुळे झेब्रा इकडून तिकडे नेणं म्हणजे क्लिकचं काम नाही.

पप्पू_झूवाला:
सर क्रेडिट मिळतात म्हणून करतो, मला काय माहीत तिथे चिलटं आहेत 😂

जुनी_सीडी:
तुम्ही नवीन लोक. आम्ही झू टायकून २ हा जुना झूचा गेम खेळून मोठे झालो, माझ्याकडे अजून त्याच्या एक्स्टिंक्ट अ‍ॅनिमल्स या जोड-भागाची सीडी आहे, २००७ ची, त्यात क्वागा होता! पुढून झेब्रा मागून तपकिरी घोडा. तेव्हा वाटायचं हे डायनासोरसारखं काहीतरी हजारो वर्षांपूर्वीचं असणार. नंतर वाचलं तर शेवटचा क्वागा अ‍ॅमस्टरडॅमच्या झूमधे १२ ऑगस्ट १८८३ ला मेला. म्हणजे आपल्याकडे केसरी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा हा प्राणी जिवंत होता. दक्षिण आफ्रिकेत शेतकऱ्यांनी मारून संपवला, कातडीसाठी आणि गुरांना गवत उरावं म्हणून. आणि मेला तेव्हा हा शेवटचा आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे १९८४ ला त्याच्या जुन्या कातड्यातून डीएनए काढला, नामशेष प्राण्याचा डीएनए वाचला गेला तो पहिल्यांदाच, आणि कळलं की हा प्लेन्स झेब्र्याचाच भाऊबंद. मग १९८७ पासून तिकडे रेनहोल्ड राऊ नावाच्या माणसाने कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून निवडून त्यांचं ब्रीडिंग सुरू केलं, आता मागून पट्टे जवळजवळ नसलेले झेब्रे तिथे फिरतायत. दिसायला क्वागा, पण क्वागा नाही असं माझं मत. गेममधे निदान क्वागा म्हणून विकत तरी घेता येत होता.

सांगली_एक्सप्रेस:
झेब्रे एकच प्रकारचे नसतात का म्हणजे?

नैरोबीकर_माई:
तीन. प्लेन्सवाला हा सगळीकडे दिसणारा. दुसरा डोंगरी झेब्रा, दक्षिण आफ्रिका नामिबियाकडचा, गळ्याखाली कातडीची झोळी लोंबते. त्यातला केप भागातला प्रकार एकेकाळी शंभराच्याही खाली गेला होता, त्याच्यासाठी १९३७ ला वेगळं नॅशनल पार्क केलं म्हणून वाचला. आणि तिसरा ग्रेव्ही, तो आमच्याकडे उत्तर केनियात सांबुरूला आणि थोडा इथिओपियात. अंगाने मोठा, कान गोल आणि पसरट, पट्टे अगदी बारीक, पोट पांढरं. जगात आता दोन-तीन हजारच उरलेत.

ग्रेव्हीचं सगळं वेगळं आहे बरं का. तिथे कुटुंब नाही. नर मोठा थोरला इलाका धरून बसतो, काही चौरस किलोमीटरचा, पाण्याजवळचा असेल तर उत्तम, आणि माद्या येतात जातात. लेकुरवाळ्या माद्यांना रोज पाणी लागतं म्हणून त्या पाण्याजवळच्या नराच्या इलाक्यात थांबतात, तेवढंच त्यांचं नातं. दुसरे नर इलाक्यातून गेले तरी तो चालवून घेतो, फक्त मादी माजावर असली की नाही. त्यामुळे एखाद्या गेममधे ग्रेव्हीला पण एक नर चार माद्या असं बसवलं असेल तर ते चुकीचं.

कुरणवाला_केदार:
माई, डॉक्टर, दंडवत. डोकंच हललं, मला वाटत होतं आपण गेम नीट खेळत नाही.

रात्री हे केलं: कुरणाच्या मागे दुसरं हॅबिटॅट बांधलं, नुसत्या पोरांसाठी, झूपीडियात बॅचलर ग्रुपची जी मर्यादा आहे तेवढेच आत. बाकीचे ट्रेडला. दोन मुली पण काढल्या. मूळ कुटुंबात आता म्हातारा नर, त्याच्या माद्या आणि लहान शिंगरं, मारामारी बंद, वेल्फेअर हिरवा. पोरं तिकडे आपली पळापळ करतायत.

एकच विचारायचं होतं, जिराफ आणि शहामृग बरोबर ठेवले ते खऱ्यात चालतं का?

डॉ_लगाम:
चालतं, बऱ्याच झूमधे असतं, जंगलात तर रोजचंच आहे. जागा भरपूर हवी, खाण्याच्या जागा वेगवेगळ्या हव्यात, आणि शिंगरं लहान असताना नरावर लक्ष हवं, झेब्र्याचा नर छोट्या हरणांना आणि त्यांच्या पिल्लांना चावून मारू शकतो. जिराफाला तो सहसा नडत नाही, जिराफाची लाथ त्याच्यापेक्षा भारी.

पप्पू_झूवाला:
केदार ट्रेडला टाकलेले नर क्रेडिटला टाकलेस की कॅशला? कॅशला असतील तर जीन्स सांग, एक मी घेतो, माझा म्हातारा झालाय.

कुरणवाला_केदार:
कॅशला. साइज आणि आयुष्य चांगलंय, फर्टिलिटी मात्र बेताची. माद्या गाभण असतील तर आत्ता नको घेऊस, डॉक्टर ओरडतील.