राज्यशास्त्र शिकून धोरणाचं काम करता येतं का? (गोव्यापुरतं बोलू)

मांडवीकाठ

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे ठरलेला सल्ला ऐकू येतो: बीएच करायचं तर अर्थशास्त्र घे, राज्यशास्त्र घेऊन काय करणार? मी राज्यशास्त्रात एमए केलं आणि आता एका आमदारांसाठी विधानसभेच्या कामाची तयारी करते. प्रश्न काढणं, विधेयकं वाचणं, कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारे प्रस्ताव) लिहिणं. या कामाला मला माझ्या विषयानेच तयार केलं, असं माझं ठाम मत आहे.

एका योजनेत किती अर्ज फेटाळले आणि का, असा तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न आम्ही एका खात्याला टाकला. उत्तर आलं, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’. पुढच्या अधिवेशनात आम्ही प्रश्नच फिरवला. निवड समिती कोणत्या आदेशाने नेमली? सदस्य कोण? बैठका कोणत्या तारखांना झाल्या? इतिवृत्त पटलावर ठेवणार का? या वेळी कागद बाहेर आले, आणि दोन बैठकांचं इतिवृत्तच नव्हतं हेही कळलं. निर्णय नेमका कुठे होतो, कोणाच्या सहीने होतो आणि कोणाला विचारायचं टाळलं जातं, हे हुडकायची सवय मला वर्गात लागली. धोरणाच्या क्षेत्रात येणाऱ्याला याहून उपयोगी शिक्षण कोणतं, ते सांगा.

आकडेमोड

ताई, तुमचं काम मोलाचं आहे, पण ते जाब विचारण्याचं काम. धोरण आखणं वेगळं. गृह आधार, म्हणजे गृहिणींना दरमहा पैसे देणारी राज्याची योजना घ्या. महिन्याला १५०० रुपये. ही रक्कम सरसकट वाढवायची, की लाभार्थी कमी करून गरजूंना जास्त द्यायचं? याचं उत्तर सत्ताविभाजनाच्या सिद्धांतात सापडत नाही. कुटुंबांच्या खर्चाची पाहणी लागते, नमुना कसा निवडायचा ते यावं लागतं, वगळलेल्या बाईचं काय झालं हे मोजता यावं लागतं. मी बंगळुरूला योजनांच्या मूल्यमापनाचं काम करतो. आमच्याकडे राज्यशास्त्राची मुलं येतात, टिपण सुंदर लिहितात, आणि तक्ता समोर ठेवला की गप्प होतात.

दुसरं, पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची खासदारांसोबत वर्षभर काम करायची लॅम्प फेलोशिप कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. गोवा लोकसेवा आयोगाच्या कनिष्ठ श्रेणी अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही कोणतीही पदवी चालते. दार सगळ्यांनाच उघडं असेल तर याच विषयाने तयारी होते असं कसं म्हणायचं?

खाणपट्ट्यातला

आकडेमोड, तुम्ही मोजण्यावर एवढा भर देता म्हणून विचारतो. खाणींच्या बाबतीत कोणता आकडा कमी होता? टनांचा हिशेब होता, निर्यातीचा होता, रॉयल्टीचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की खाणींची लीज (भाडेपट्टे) २००७ लाच संपली होती, आणि उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. पुढे जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश काढला, आणि त्याच्या तोंडावर राज्य सरकारने घाईघाईने जुन्याच लीजधारकांना नूतनीकरण देऊन टाकलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी बंद. डिचोली-सत्तरीत दारादारांत खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले, त्यावरचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

खनिजाचा मालक राज्य, पण त्यावरचा कायदा केंद्राचा. या दोघांतली ओढाताण आणि लीजधारकांचं सरकारदरबारी असलेलं वजन, सगळं प्रकरण यात आहे. हे मोजून कळत नाही. आमच्या गावात हे वेळीच समजावून सांगणारा एक जरी शिकलेला माणूस असता तर लोकांनी कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला नसता.

आकडेमोड

तुम्ही सांगताय तो कायदा आहे. मग वकील व्हा.

खाणपट्ट्यातला

नूतनीकरण वैध की अवैध, ते वकील सांगेल. सरकारने घाई का केली, कोणासाठी केली आणि विधानसभेतल्या ४० जणांपैकी कितींना ते रोखता आलं असतं, हे वकिलाला कोणी विचारत नाही. तो प्रश्न राज्यशास्त्राचा.

पंचायतवाला

मी पंचायत सचिव आहे. दोन्ही बाजू वाचल्या. मला दोन्हीकडची मुलं सारखीच अडचणीची वाटतात, स्पष्टच बोलतो.

आमच्याकडे प्रकल्पाच्या अभ्यासासाठी मुलं येतात. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती पाठ असते, ११व्या अनुसूचीतले २९ विषय पाठ असतात. एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाची, कसतं कोण हे दाखवणारा) हातात दिला तर कूळ कुठल्या रकान्यात लिहिलेलं असतं ते माहीत नसतं. सनद (शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी) कोण देतो, बांधकाम परवाना कोण देतो, माहीत नसतं. गावात भांडण होतं ते याच कागदांवर. ज्याला हे वाचता येत नाही त्याने धोरणावर टिपण लिहिलं तर ते कोणाच्या उपयोगाचं? पदवी कसलीही असो, मला त्याने काही फरक पडलेला दिसला नाही.

फोंड्याची प्राध्यापिका

पंचायतवाले बाब, तुमची तक्रार मला मान्य आहे आणि ती माझ्या वर्गावर आहे. आम्ही अजून ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘टिपा लिहा’ यांवरच गुण देतो. मूळ कायदा, अंदाजपत्रकाचं पुस्तक, विधानसभेचं कामकाज मुलांच्या हातात पडायला हवं, ते फार थोड्या वर्गांत पडतं. पण हा शिकवण्यातला दोष आहे, विषयातला नव्हे.

आकडेमोड यांच्यासाठी एक नाव सांगते: एलिनॉर ऑस्ट्रॉम. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली ही बाई शिक्षणाने राज्यशास्त्रज्ञ होती. सामायिक पाणी, कुरणं, मासेमारी यांची राखण लोक स्वतः नियम घालून कशी करतात, हा तिचा अभ्यास. आता आपली खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं बघा. भरतीचं खारं पाणी अडवायला बांध, आणि पाणी आतबाहेर सोडायला लाकडी दारांची मानस. बांध फुटला तर एकाचं नाही, सगळ्यांचं शेत खारवतं. ही व्यवस्था गांवकारी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, बघत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिलं, ते न्यायाचंच होतं. पुढे बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. मात्र मासळीसाठी मानशीचा लिलाव होतो आणि घेणाऱ्याला पाणी आत हवं असतं, शेतकऱ्याला ते बाहेर हवं असतं. हा वाद कोणी मिटवायचा? बांधाची किंमत अभियंता काढेल, पिकाचं नुकसान तुम्ही मोजाल. नियम कोणी करायचा, मोडणाऱ्याला दंड कोणी करायचा आणि त्याचं लोक ऐकतील का, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून बांध दुरुस्तीचा पैसा दरवर्षी पाण्यात जाईल.

आकडेमोड

ऑस्ट्रॉमचं मान्य. पण ती प्रत्यक्ष गावांत जाऊन माहिती जमवत होती आणि प्रयोगही करत होती. माझा आग्रह तोच आहे. राज्यशास्त्राच्या पदवीत दोन सत्रं संख्याशास्त्र सक्तीचं करा, मी माझा आक्षेप मागे घेतो. तोवर नाही.

मांडवीकाठ

संख्याशास्त्राला माझा विरोध नाही, मला ते नोकरीत लागल्यावर शिकावं लागलं आणि जड गेलं. पण मग अर्थशास्त्राच्या मुलांनाही दोन सत्रं संविधान आणि विधिमंडळाचं कामकाज लावा. नगर नियोजन कायद्यातलं, भूखंडाचा विभाग (झोन) बदलू देणारं १७(२) हे कलम २०२३ मध्ये आलं, आणि त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. मधल्या काळात किती चौरस मीटर जमिनीचा विभाग बदलला, हे मोजणारे पुष्कळ होते. ‘चूक दुरुस्त करायची’ असं म्हणत सुट्या सुट्या भूखंडांचा विभाग बदलला तर कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या आख्ख्या प्रादेशिक आराखड्याचा अर्थ काय उरतो, हे विचारणारे पहिल्या दिवशी फार थोडे होते. २००७ मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ पर्यंतचा) रद्द करायला लावला, तो इतिहास ज्यांना ठाऊक होता तेच आधी जागे झाले.

पंचायतवाला

प्राध्यापिका मॅडम, मुलांना पाठवणार असाल तर प्रकल्पाचा शिक्का मारायला पाठवू नका. रविवारच्या ग्रामसभेला पाठवा, आणि आधी मागच्या सभेचे ठराव वाचून यायला सांगा. कुठला ठराव तालुक्याला पाठवला, त्यावर काय उत्तर आलं, की आलंच नाही, एवढं जरी त्यांनी वर्षभर धरून ठेवलं तरी गावाला त्याचा उपयोग होईल. वही मी देतो.

फोंड्याची प्राध्यापिका

जूनमध्ये कॉलेज उघडलं की पहिल्या आठवड्यात फोन करते. एक-चौदा वाचायला तुम्हालाच वर्गावर यावं लागेल.