मॉरिशसच्या पंतप्रधानांचा तक्ता करतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांसाठी मॉरिशसच्या पंतप्रधानांचा भिंतीवरचा तक्ता करतेय. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून या पदावर माणसं फक्त पाच: शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, पॉल बेरांजे आणि प्रविंद जगन्नाथ. त्यात बापलेकांच्या दोन जोड्या! शिवाय अनिरुद्ध तीनदा आले (1982, 2000, 2014), नवीनही तीनदा (1995, 2005, 2024). सरळ रेषेत मांडायला गेलं की घोळ होतो. काल 2003 च्या रकान्यात तीनदा खोडरबर फिरवला. तिथे अनिरुद्ध कराराप्रमाणे पायउतार होऊन राष्ट्रपती झाले आणि बेरांजे पंतप्रधान, पहिलेच बिगरहिंदू. मुलांना एका नजरेत कळेल अशी मांडणी कुणी सुचवाल का?

आणखी एक. 1982 ला विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या, स्वातंत्र्य मिळवून देणारे रामगुलाम स्वतःही हरले. मला हा प्रसंग फार हलवून जातो. तिथल्या मराठी घरांत त्या निकालाच्या आठवणी असतीलच. मॉरिशसमध्ये कुणाचे नातेवाईक असतील तर कृपया विचारून सांगा. आणि तिथली मराठी माणसं ‘जगन्नाथ’ लिहितात की ‘जगनॉथ’, तेही. तक्ता शाईने पक्का करायचा आहे.